शेतीचा वारसा आणि कारभाराची वेळीच तजवीज
(मोर्शी भागातील संत्रा बागायतदारांसाठी)

मोर्शी आणि वरूड हे तालुके नागपुरी संत्र्याचे आगर म्हणून सर्वश्रुत आहेत. कलम कोठून आणावे, जंबेरीच्या खुंटावरचे घ्यावे की रंगपूर लिंबाच्या, ताण केव्हा द्यावा व पाणी केव्हा सोडावे, या गोष्टींचा येथील कास्तकार बारकाईने विचार करतो. परंतु ज्या हातांनी बगीचा उभा केला ते हात थकल्यावर तो कोणी व कोणत्या व्यवस्थेने सांभाळावा, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. वडील हयात असेतो हा विषय काढणे अशुभ वाटते आणि ते गेल्यावर विषय निघतो तो भांडणाच्या रूपाने. या मौनाचे मोल अखेरीस जमिनीला, झाडांना आणि घरातील वृद्धांना द्यावे लागते. पेरणीपूर्वी जमिनीची मशागत करावी तशीच कारभार सोपविण्यापूर्वी करावयाची पूर्वतयारी असते. ती कोणती, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रश्न मोठा का झाला

कृषिगणनेनुसार १९७०-७१ साली महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारण ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टरावर आले. अर्धशतकाहून कमी काळात सरासरी खातेदाराच्या वाट्याची जमीन एक तृतीयांशाहूनही कमी उरली. पूर्वी दहा एकरांची वाटणी दोन भावांत झाली तरी प्रत्येकाच्या हाती एक बैलजोडीची शेती राहत असे. आता तीन एकरांची वाटणी करावयाची असेल तर प्रत्येक गुंठ्याचा व विहिरीवरील प्रत्येक पाळीचा हिशेब करावा लागतो. जमीन जितकी कमी, तितकी वाटणीतील चूक अधिक महाग पडते.

झाडाचे वय आणि माणसाचे वय

कपाशी, सोयाबीन वा तूर यांचा हिशेब एका हंगामात मिटतो. संत्र्याचे तसे नाही. सहा मीटर अंतरावर लागवड केल्यास हेक्टरी २७७, म्हणजे एकरी सुमारे ११० झाडे बसतात. त्यांवर विक्रीजोगा बहार येण्यास पाच ते सहा वर्षे लागतात आणि बगीचा भरात येतो तो त्यानंतर. निगा चांगली असेल तर पुढे पंधरावीस वर्षे उत्पन्न मिळते. याचा अर्थ असा की, ज्या कास्तकाराने वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कलमे लावली, त्याच्या हाती पहिला खरा बहार चौसष्टाव्या वर्षी येईल; त्या बगीचाचे ऐन उमेदीचे आयुष्य त्याच्या मुलांच्या कारकिर्दीत जाईल.

म्हणून उतारवयात नवी लागवड करण्यापूर्वी एक प्रश्न घरात उघडपणे विचारला पाहिजे : हा बगीचा पुढे कोण करणार? मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास वा नागपुरास स्थायिक झाला असेल, मुलगी सासरी असेल आणि दोघांचाही परतण्याचा विचार नसेल, तर त्या जमिनीत कमी राबणुकीचे पीक घेणे किंवा ती विश्वासू माणसास लेखी कराराने मक्त्याने देणे शहाणपणाचे ठरते. उलट, एखादा मुलगा वा मुलगी शेती करण्यास तयार असेल, तर लागवड कोठे व किती करावी हे त्याच्या वा तिच्या सल्ल्याने ठरवावे. कारण त्या लागवडीचे कर्ज फेडणारा आणि डिंक्याशी झुंजणारा तोच असणार आहे.

वाटा कोणाकोणाचा

या बाबतीत गावोगाव अद्यापि गैरसमज आढळतात. हिंदू, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांस हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू आहे. मुसलमान कुटुंबांचा वारसा त्यांच्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे ठरतो. १९५६ च्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता निवर्तलेल्या पुरुषाची स्वकष्टार्जित जमीन त्याची पत्नी, मुलगे, मुली व आई यांना समान वाट्याने मिळते. आधीच मरण पावलेल्या मुलाची पत्नी व मुले त्या मुलाच्या वाट्याची हक्कदार असतात.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीस मुलाप्रमाणे जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून अंमलात आली. महाराष्ट्राने अविवाहित मुलींपुरती अशी तरतूद १९९४ मध्येच केली होती. २००५ च्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा यांच्या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकुमाने झालेल्या वाटण्यांस मात्र धक्का लागत नाही.

उदाहरणादाखल एक काल्पनिक कुटुंब घेऊ. सहा एकर जमीन. घरी पती, पत्नी, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी. आजी हयात नाही. जमीन स्वकष्टार्जित असून पती मृत्युपत्राविना निवर्तला, तर पत्नी, दोन मुलगे व मुलगी असे चार समान वाटे पडून प्रत्येकाकडे दीड एकर येते. जमीन वडिलोपार्जित असेल तर प्रथम पती, पत्नी व तीन मुले असे पाच भाग कल्पावयाचे आणि पतीच्या पाचव्या भागाचे पुन्हा चार वाटे करावयाचे. या उदाहरणात अखेरचा आकडा दीड एकरच येतो. पण एक फरक महत्त्वाचा आहे. स्वकष्टार्जित जमिनीचे मृत्युपत्र त्यास संपूर्ण सहा एकरांचे करता आले असते; वडिलोपार्जित जमिनीत केवळ आपल्या पाचव्या हिश्श्याचे करता येते. तेव्हा प्रथम कोणता गट कोणत्या मार्गाने घरात आला, हे जुन्या फेरफारांवरून तपासून घेणे, ही तयारीची पहिली पायरी होय.

बहिणीने आपण होऊन हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. परंतु तो नोंदणीकृत हक्कसोडपत्रानेच सोडला पाहिजे. तोंडी बोलण्यास किंवा साध्या कागदावरील सहीस कायद्यात स्थान नाही. आईबापांच्या समक्ष आणि बहिणीस सर्व हिशेब दाखवून झालेली गोष्ट टिकते. तेराव्याच्या गडबडीत घेतलेल्या सहीतून पुढे दिवाणी दावे उभे राहतात आणि माहेरची वाटही तुटते. एखादा वारस आपला वाटा विकू इच्छीत असेल, तर तो विकत घेण्याचा पहिला हक्क इतर प्रथम वर्गाच्या वारसांचा असतो. हा नियम शेतजमिनीसही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. शेती करणाऱ्या भावाने या तरतुदीचा आधार घेऊन बहिणीचा वाटा योग्य किंमत देऊन, हप्त्यांनी का होईना, विकत घ्यावा. न्याय आणि जमिनीची एकसंधता ही दोन्ही त्यायोगे साधतात.

मयताच्या नावाचा सातबारा

वारसाने, वाटणीने वा खरेदीने हक्क मिळाल्यास त्याची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास द्यावी, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ मध्ये सांगितले आहे. तलाठ्यास आता ग्राम महसूल अधिकारी असे नाव आहे. वर्दीनंतर फेरफार नोंदला जातो, हितसंबंधितांना नोटिसा निघतात आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही अर्ज करता येतो. इतके सोपे असूनही आजोबांच्या नावाचे उतारे आजही पुष्कळ घरांत आहेत. कोठे थोरल्या भावाचे नाव 'एकत्र कुटुंब कर्ता' म्हणून लागलेले असते व धाकट्यांची नावे उताऱ्यावर नसतातच.

याचे दुष्परिणाम पीक बुडाले म्हणजे कळतात. पीककर्ज, पीकविमा, गारपिटीची वा अतिवृष्टीची मदत, शेतकरी ओळख क्रमांक, हे सारे उताऱ्यावरील नावाशी बांधलेले आहे. मयताच्या नावे कर्ज मिळत नाही आणि कसणाऱ्याच्या नावे जमीन नसते. पती गमावलेल्या ज्या स्त्रीचे घर सासऱ्याच्या नावाच्या जमिनीवर चालते, तिची कोंडी तर सर्वांत मोठी असते. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनंतर अशा अनेक विधवांवर हा प्रसंग आला आहे.

ही अडचण ओळखून वऱ्हाडातील बुलडाणा जिल्ह्यात मार्च २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून ती राज्यभर नेण्यात आली. गावात चावडीवाचन करून मयत खातेदारांच्या याद्या करणे, वारसांचे अर्ज घेणे व त्यांची नावे उताऱ्यावर चढविणे, असे तिचे स्वरूप होते. मोहिमेची वाट पाहण्याचे मात्र कारण नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र व चालू उतारे घेऊन वारसनोंदीचा अर्ज केव्हाही करता येतो. त्याच वेळी इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा वा बँकेचा किती बोजा आहे हेही पाहून घ्यावे. मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेपर्यंत मयताच्या कर्जाचे दायित्व वारसांवर येते.

वाटणी जमिनीची, पाण्याची आणि वाटेची

वाटणी म्हणजे केवळ धुरा टाकणे नव्हे. संत्र्याच्या बगीचात जमिनीहून पाणी मोलाचे असते. मोर्शी व वरूड तालुक्यांत भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या मानाने अधिक असल्याचे सरकारी पाहणीत दीर्घकाळ नोंदले गेले आहे. सिंभोरा येथील अप्पर वर्धा धरणाचे पाणी सर्वच शेतांना पोहोचत नाही. तेव्हा वाटणीनंतर प्रत्येक भाऊ आपली स्वतंत्र विहीर वा बोअर घेईल, हा भरवसा धरता येत नाही. पाणी लागले तरी ते शेजारच्या जुन्या विहिरीचेच ओढले जाण्याचा संभव असतो. म्हणून विहीर, पंप, वीजजोडणी, पाइपलाइन व ठिबकचा संच ही सामाईक ठेवून पाळ्या लेखी ठरवाव्यात.

पाळ्या ठरविताना बहाराचा विचार करावा. आंबिया बहारास जानेवारीच्या मध्यापासून पावसाळ्यापर्यंत पाणी लागते आणि एप्रिल व मे हे कसोटीचे महिने असतात. मृग बहार घेणारा मे महिन्यात झाडांस ताण देतो व त्याची पाण्याची मोठी गरज पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारी-मार्चच्या तोडणीपर्यंत असते. एका विहिरीवरील दोन भावांपैकी एकाने आंबिया व दुसऱ्याने मृग धरल्यास मे महिन्यातील ओढाताण पुष्कळ कमी होते. मात्र एकाच वाफ्यातील झाडांच्या मधोमध धुरा घालू नये, कारण एकाच्या ओलिताने दुसऱ्याचा ताण मोडतो. तसेच कोळशी व डिंक्या हे रोग धुरा पाहून थांबत नाहीत. वाटणी झाली तरी फवारणी व चर काढणे ही कामे दोघांनी एकाच आठवड्यात करावीत.

वाटेचा उल्लेख वाटणीपत्रात अवश्य करावा. संत्र्याची गाडी आतपर्यंत न आल्यास माल डोक्यावरून वाहावा लागतो आणि व्यापारी तितका भाव पाडून मागतो. मागच्या वाटेकऱ्यास किती रुंदीची वाट, कोणत्या धुऱ्याने, हे नकाशावर दाखवावे. वाट लिहिली नाही म्हणजे पुढे तहसीलदारांकडे रस्त्याचा अर्ज करण्याची पाळी येते.

जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९४७ चा आहे. २०२३ च्या अधिसूचनेने अमरावतीसह राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीस २० गुंठे व बागायतीस १० गुंठे ठरले. त्याहून लहान तुकडा वाटणीत पाडू नये. सर्व सहधारकांची संमती असेल तर कलम ८५ अन्वये तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करता येतो. त्यास १०० रुपयांचा मुद्रांक पुरतो. शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरील नोंदणी फी माफ करण्याचा निर्णयही राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला आहे. खर्चाच्या भीतीने वाटणी तोंडी ठेवण्याचे कारण आता उरलेले नाही. वाटणीपूर्वी भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. शेते मोकळी असतात तो उन्हाळा या कामास सोयीचा.

वडीलधाऱ्यांच्या निर्वाहाची तरतूद

सरकारी नोकरास निवृत्तीचा दिवस ठाऊक असतो. कास्तकारास तो नसतो आणि निवृत्तिवेतनही नसते. जमीन हेच त्याचे वेतन. ती पूर्णपणे मुलांच्या नावे करून दिल्यावर औषधाच्या पैशांसाठी मुलाच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ ज्यांवर आली, अशी माणसे प्रत्येक गावात आहेत. म्हणून वाटणी करताना आईवडिलांनी आपल्या उभयतांचा वाटा निराळा राखून ठेवावा. तो कसावयास मुलाकडे द्यावा, पण नाव आपलेच ठेवावे, आणि त्याच्या उत्पन्नाचा ठराविक हिस्सा आपल्या खात्यावर जमा होईल असे करावे.

जमीन मुलाच्या वा मुलीच्या नावे बक्षीसपत्राने करावयाची झाल्यास मुद्रांक २०० रुपये आहे. इतर आकार दुय्यम निबंधकांकडे विचारून घ्यावेत. स्वस्त म्हणून घाई मात्र करू नये. बक्षीसपत्र सहसा मागे घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ अन्वये, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास परत मिळविता येते. पण अशी अट होती हे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. यास्तव राहण्याची खोली, धान्य, औषधोपचार व दरमहा रक्कम यांचा उल्लेख दस्तातच करावा. असा अर्ज ऐकणारे निर्वाह न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्यांकडे असते.

मृत्युपत्राचा मार्ग त्याहून लवचिक आहे. त्यास मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, आणि हयातीत ते केव्हाही बदलता येते. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र अनिवार्य आहेत. साक्षीदार लाभार्थी नसावेत आणि शक्यतो वयाने लहान असावेत, म्हणजे पुढे साक्ष देण्यास ते उपलब्ध राहतील.

प्रधानमंत्री किसान मानधन योजना २०१९ पासून सुरू आहे. दोन हेक्टरांपर्यंत जमीन असलेल्या १८ ते ४० वर्षे वयाच्या शेतकऱ्यास वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपये भरून साठ वर्षांनंतर दरमहा ३,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते. तितकीच रक्कम केंद्र सरकार भरते आणि पतीपत्नी दोघेही निरनिराळे सभासद होऊ शकतात. वडिलांचे वय या योजनेच्या पलीकडे गेले असले तरी मुलाचे व सुनेचे गेलेले नसते. आज त्यांनी केलेली तरतूद ही पुढील वाटणीतील अर्धे भांडण आताच मिटविण्यासारखे आहे. अत्यल्प उत्पन्नाच्या ६५ वर्षांवरील वृद्धांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे.

अन्य देशांनीही हा प्रश्न हाताळला आहे. जर्मनीत शेती मुलाच्या हवाली करताना वृद्धांस खोली, धान्य व जळण देण्याचा करार लिहिण्याची जुनी रीत आहे. जपानने १९७० मध्ये शेतकऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा करून वेळीच कारभार सोपविणाऱ्यास वेतन देऊ केले. मायेला लेखी कराराची जोड मिळाली म्हणजे माया उणावत नाही, उलट निर्धास्त होते, असाच या उदाहरणांचा अर्थ आहे.

घरधनिणीचे नाव

शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८९ च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम हाती घेतला. आपल्या जमिनीचा काही भाग शेतकऱ्याने हयातीतच पत्नीच्या नावे करावा, असा त्याचा आशय होता. पुढे १९९२ मध्ये राज्य शासनानेही पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहधारक म्हणून उताऱ्यावर लावण्यास मुभा दिली. कारभार सोपविण्याच्या दृष्टीने ही सर्वांत सोपी पायरी आहे. पतीच्या पश्चात आई खातेदार असली म्हणजे मुलांच्या वाटण्याही शांतपणे होतात आणि तिचा मानही राहतो.

कारभार टप्प्याटप्प्याने द्यावा

मालकी व कारभार या दोन भिन्न गोष्टी आहेत. मालकी अखेरपर्यंत ठेवली तरी कारभार मात्र अंगात बळ आहे तोवर द्यावयास हवा, म्हणजे चुकल्यास सांगता येते. पहिल्या वर्षी मुलाकडे एक वाफा व त्याचा जमाखर्च सोपवावा. दुसऱ्या वर्षी खते, औषधे व मजुरी यांचा संपूर्ण हिशेब त्याने ठेवावा. तिसऱ्या वर्षी व्यापाऱ्याशी बहाराचा सौदा त्यानेच करावा. वडिलांनी शेजारी बसावे, पण बोलू नये. चौथ्या वर्षी बँकेचा व सोसायटीचा व्यवहार त्याच्याकडे जावा. पन्नाशी उलटूनही ज्या मुलास दहा हजारांचा निर्णय एकट्याने घेता आलेला नाही, त्याच्या हाती एके दिवशी अकस्मात सारा बगीचा येणे, हे झाडांच्या दृष्टीने अवर्षणाइतकेच घातक असते. शेती करणारी सून वा मुलगी असेल तर हाच क्रम तिच्या बाबतीतही लागू आहे.

सारांश

यंदाचा उन्हाळा संपण्यापूर्वी प्रत्येक बागायतदाराने पुढील कामे उरकावीत :

१. सर्व गटांचे सातबारा, आठ-अ व जुने फेरफार काढून वडिलोपार्जित व स्वकष्टार्जित जमीन निराळी लिहावी.
२. मयत खातेदारांच्या नोंदी असल्यास वारसनोंदीचा अर्ज द्यावा.
३. पत्नीचे नाव उताऱ्यावर लावून घ्यावे.
४. कर्ज, बोजा, विमा व बँकखाती यांची यादी करून ती घरातील दोघांना तरी दाखवावी, वारसनामे तपासावेत.
५. मुलगे व मुली यांना एकत्र बसवून पुढे शेती कोण करणार हे विचारावे.
६. विहीर, पंप व वाट यांविषयीचे ठराव लिहून काढावेत.
७. आपल्या निर्वाहाचा वाटा राखून मगच वाटणीपत्र किंवा मृत्युपत्र जाणत्या वकिलाच्या सल्ल्याने करावे.

कायद्यातील रकमा व नियम वेळोवेळी बदलतात; दस्त करण्यापूर्वी तहसील व दुय्यम निबंधक कार्यालयात चालू माहिती घ्यावी. संत्र्याचे कलम लावताना कास्तकार पुढील वीस वर्षांचा विचार करतो. त्या वीस वर्षांत बगीचाचा धनी कोण असेल, हा विचार त्याच लागवडीचा भाग मानला, तर घरेही टिकतील आणि बगीचेही.